होकारपूरची म्हातारी

लिफाफा जाड होता, आणि परत आलेल्या हस्तलिखिताचा लिफाफा जाडच असतो हे सेहेचाळीस वर्षांच्या लेखकाला कोणी शिकवावं लागत नाही. शाळा सुटल्यावर पोस्टमननं तो मला उल्हास नदीच्या पुलावरच दिला, सायकलवरून न उतरता. कर्जतमध्ये पोस्टमनला माणूस दिसला की तो त्याचं पत्र देऊन मोकळा होतो. घराचा पत्ता हा शेवटचा उपाय. मी कठड्याला टेकून लिफाफा फाडला. खाली नदी दगडांमधून वाट काढत होती. पलीकडे कुठंतरी झोडणी चालू असावी, कारण वाऱ्यावर भाताच्या तुसाची बारीक खाज येत होती. पत्र आनंदाचं निघालं. बालवाङ्मय उत्तेजक मंडळ, खालापूर, यांना माझी ‘होकारपूर’ ही बालकथा अत्यंत पसंत पडली होती. आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी तिची पुस्तिका काढायचं ठरलं होतं. ‘कथेतून आज्ञापालनाचा संस्कार होतो,’ असा शेरा होता. ‘मात्र एकेचाळीस ठिकाणी एक अशुद्ध रूप आढळले, ते दुरुस्त केले आहे. मान्यतेच्या सहीसाठी येत्या बुधवारी समक्ष यावे.’ मी पानं उलटली. एकेचाळीस ठिकाणी ‘नाय’वर तांबडी रेघ मारलेली होती आणि वर, राग धरणं अवघड जावं इतक्या सुंदर वळणाच्या अक्षरात, ‘नाही’ लिहिलेलं होतं. मग पानं लिफाफ्यात परत घालून, कोणीतरी उत्तराची वाट पाहत असल्यासारखा, मी ‘बरं’ म्हणालो. पुलावर तेव्हा माझ्याशिवाय एक बैलगाडी होती.

हे शहात्तर साल. त्या वर्षी होकाराचं पीक सगळीकडे उत्तम आलं होतं. एस.टी.च्या पाठीवर कमी बोलण्याचा उपदेश रंगवलेला होता, आणि ज्या लोकांनी आयुष्यात कधी हळू आवाजात हाक मारली नव्हती ते रॉकेलच्या रांगेत कुजबुजून बोलत होते. शिक्षकांच्या खोलीत कोणी ‘काय म्हणता?’ विचारलं की ‘उत्तम’ म्हणायचं, आणि मग दोघांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायचं. ह्याच हंगामात मी होकारपूरची गोष्ट लिहिली. होकारपूरच्या राजाला एक दिवस आचारी सांगतो की आणखी अनरसा नाही. राजानं हा शब्द जन्मात पहिल्यांदाच ऐकलेला असतो. तो त्याला इतका लागतो की राजा तो शब्दच राज्यातून हद्दपार करतो. पंडित बंदीची यादी तयार करतात: नाही, नको, नव्हे, नसे, नये, नका. शब्दकोशातली तेवढी पानं शेळ्यांना घालतात. पाट्या खरवडल्या जातात. ‘येथे थुंकू नये’मधला ‘न’ तेवढा काढल्यामुळे देवळादेवळावर ‘येथे थुंकू ये’ असं होतं, आणि लोक राजाज्ञा म्हणून नाइलाजानं थुंकू लागतात. वाणी म्हणतो, ‘साखर आहे, फक्त कालची.’ वैद्य म्हणतो, ‘रोगी उत्तम आहे, जरा गार पडला आहे एवढंच.’ शाळेत पाचातून पाच गेले की उरलं काय, तर मुलं ‘आहे’ असं उत्तर लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मग राजा आनंदानं फेरफटका मारायला निघतो, आणि बाजाराच्या तोंडाशी वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका म्हातारीपुढे घोडा थांबवून विचारतो, ‘मी देखणा आहे ना?’ (हा ‘ना’ वापरायची परवानगी एकट्या राजाला होती.) म्हातारी कपाळावर हात धरते, त्याला नीट पाहून घेते आणि म्हणते, ‘नाय.’

शिपाई धावतात. यादी उघडतात. यादीत ‘नाय’ नसतो. पंडितांना बोलावणं जातं. पंडितांना घाम फुटतो, कारण ‘नाय’ला बंदी घालायची तर आधी तो शब्द आहे असं मान्य करून शब्दकोशात घ्यायला हवा, आणि ‘हा शब्दच नाही’ असं म्हणायची तर आता सोय उरलेली नसते. पंडित एकमेकांकडे बघत उभे. राजा चिडून म्हातारीला आणखी प्रश्न विचारतो: मी शूर आहे ना? माझा घोडा पांढरा आहे ना? पाऊस माझ्या हुकमानं पडतो ना? एकूण एकेचाळीस. म्हातारी शेंगा निवडता निवडता एकेचाळीस वेळा ‘नाय’ म्हणते. शेवटचा प्रश्न ‘तू मला घाबरतेस ना?’ असा असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होकारपुरातलं झाडून सगळं गाव, वाण्यापासून वैद्यापर्यंत, ‘नाय’ म्हणत उठतं. गोष्ट इथं संपते.

लिहून झाल्यावर मी ती महिनाभर पेटीत ठेवली होती, कपड्यांच्या खाली. मला धास्ती होती ती राजाची. राजाला कोणी ओळखलं तर काय म्हणायचं, ह्याची मी मनात दोन-तीन उत्तरं तयार करून ठेवली होती, त्यातलं एक तर मला फारच आवडलं होतं. राजाला कोणी ओळखलं नाही. मुलांच्या गोष्टीतला राजा हे मोठं सोयीचं जनावर आहे. तो मूर्ख असला तरी चालतो, किंबहुना असावाच लागतो, नाहीतर मुलं हसणार कशाला. मुलांसाठी लिहिणारा माणूस वरातीतल्या वाजंत्र्यासारखा असतो. नवरदेवाच्या इतक्या जवळून तो चालतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि म्हणून नवरदेवाच्या फाटक्या मोज्यापर्यंत सगळं त्याला दिसतं. बोलणारे कोल्हे, पगडी घातलेले बेडूक, हुकूम सोडणारे राजे ह्यांच्या आडून काय वाटेल ते म्हणता येतं, ह्या भरवशावर मी पंधरा वर्षं लिहीत आलो. मंडळानं माझ्या राजाला मुजरा करून पुढे जाऊ दिलं, आणि पकडलं ते म्हातारीला. चार रात्री मी ती तांबडी अक्षरं डोळ्यांपुढून हलवू शकलो नाही. ‘नाय’ कापून टाकणारा हात कोणाचा, ह्याचं मला कोडं नव्हतं. तो हात मला माझ्या हाताइतका ओळखीचा होता. बावीस वर्षं मी स्वतः हेच करत आलो. पाचवीच्या वह्या, सहावीच्या वह्या, ‘आमची गाय’, ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. ‘आमची गाय मारत नाय.’ तांबडी रेघ. ‘माझी आय कवाच रडत नाय.’ तांबडी रेघ, दोन. त्यांच्या आया रडत नाहीत ह्या बातमीकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. मी रूप सुधारलं आणि पुढची वही घेतली. दर शनिवारी बोटाच्या पेराला लागलेली तांबडी शाई मी दगडानं घासून काढायचो. सुधारण्याच्या बाबतीत मी कोणाच्या मागं राहिलो नाही. माझं स्वतःचं नाव धाकलू. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या घरात, चार भावंडांत सर्वांत लहान म्हणून धाकलू. कॉलेजात नाव घालताना मी ‘धनंजय भोईर’ असं सांगितलं, आणि समोरच्या कारकुनानं एक अक्षर न बोलता ते लिहून घेतलं. इतक्या सहज एखाद्याचा मृत्यू नोंदला गेल्याचं मी पुढं पाहिलं नाही.

आई मला पुण्याला भेटायला एकदाच आली. एकोणपन्नास साल असेल. फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन ती वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभी होती, आणि चटणीचा वास तिच्या आधी खोलीत पोहोचला होता. खोलीतली मुलं भली होती. एकानं तिला खुर्ची दिली, दुसऱ्यानं विचारलं, ‘मावशी, चहा घेणार ना?’ आई संकोचून म्हणाली, ‘नाय रं बाबा, च्या नाय पित मी.’ कोणी हसलं नव्हतं. हे मला नीट आठवतं, कारण पुढं कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तिथं कोणाला तरी हसवून बघितलं, म्हणजे माझी बाजू जरा सावरली असती. कोणी हसलं नव्हतं. मीच हसून म्हणालो, ‘आई, नाय नाही. नाही.’ तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘न्हाई,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘ना-ही.’ वर्गात म्हणतात तसं, तुकडे पाडून. तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही. तिनं चहा घेतला. आयुष्यात कधी न पिणाऱ्या बाईनं बशीत ओतून तो सगळा संपवला आणि कप पालथा घालून ठेवला. त्यानंतर एकोणीस वर्षं, म्हणजे ती जाईपर्यंत, माझी आई सोनुबाई माझ्याशी ‘नाय’ बोलली नाही. ‘नाही’ही बोलली नाही. मला हे कळायलासुद्धा काही वर्षं गेली, कारण नकार न देणारी आई कोणाला खटकते? भात वाढायला गेलो तर ताटावर हात आडवा धरायची. औषध घेतलंस का विचारलं तर बाटलीकडे बघायची. माथेरानला येतेस का, गाडीनं जाऊ, म्हटलं तर ‘जाऊ कवातरी’ म्हणायची, आणि त्या ‘कवातरी’त काय आहे ते ज्यानं त्यानं ओळखायचं. पण मी ओटीवर चपला काढत असलो की आतून मला तिचा आवाज यायचा. शेजारच्या येसूबाईशी बोलताना ती ‘नाय’ची लयलूट करायची. ‘नाय गं, आसं नाय करायचं! नाय बाय, मी तं नायच आयकनार!’ असं खळखळून, उगीच, गरज नसताना. माझं पाऊल उंबऱ्यात वाजलं की ते बंद व्हायचं. पाखरू उडाल्यावर फांदी हलत राहते तशी ती दोन क्षण नुसती मान हलवत राहायची, आणि येसूबाई पदर सावरून उठायची.

अडुसष्ट साली ती गेली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. ‘कुठं दुखतंय का?’ मी विचारलं होतं. ती माझ्याकडे बघून हसली. मी पाणी आणायला उठून दारापर्यंत गेलो, तेव्हा येसूबाईनं वाकून विचारलं, ‘सोनुबाय, दुकतंय का गं?’ आणि मला मागून स्वच्छ ऐकू आलं, ‘नाय गं.’ मी वळलो. तिनं मला वळलेला पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. होकारपूरचा राजा मी लिहिला म्हणजे कुठं लांब जाऊन शोधून आणला होता असं नाही. पंचाईत एवढीच होती की हे मंडळाला खुलासा म्हणून लिहून कळवण्यासारखं नव्हतं. तिला एकदा सुधारून झालं होतं. दुसऱ्यांदा, आणि तेही माझ्या सहीनं, तिला कोणी सुधारणार नव्हतं. हे माझ्या मनात कधी पक्कं झालं ते सांगता येत नाही. बुधवारी सकाळी दाढी करताना पाहिलं तर ते झालेलं होतं.

मंडळाची खोली खालापूरला एका भातगिरणीच्या माडीवर होती. खाली गिरणी चालू झाली की वर टेबल, दौत आणि सभासद एका लयीत थरथरत. अध्यक्ष आबाजीराव हे गिरणीचेच मालक. घरात पहिले शिकलेले, आणि शुद्ध बोलण्याची सवय त्यांनी कष्टानं लावून घेतलेली होती. प्रत्येक ‘ण’च्या आधी ते सायकलस्वारानं खड्डा बघावा तसे क्षणभर थांबत. त्यांच्या उजवीकडे टिल्लू गुरुजी, निवृत्त, धोतर परीटघडीचं, सदऱ्याच्या वरच्या खिशाला तांबड्या शाईचं पेन. डावीकडे इतिवृत्त लिहिणारा कारकून नागू. ‘या, भोईर सर, अभिनंदन,’ आबाजीराव म्हणाले. ‘सही कुठं करायची ते नागू दाखवील.’

‘एक अडचण आहे,’ मी म्हणालो. ‘ह्या दुरुस्तीनं म्हातारी गुन्हेगार ठरते.’

‘कोण म्हातारी?’

‘शेंगावाली. राज्यात “नाही” म्हणायला बंदी आहे. ती “नाय” म्हणते, म्हणून सुटते. गुरुजींनी तिच्या तोंडी “नाही” घातलंय, एकेचाळीस वेळा. आता राजाला तिला शिक्षा करणं भाग आहे.’

टिल्लू गुरुजींनी हा मुद्दा फार गंभीरपणे घेतला. ते प्रामाणिक गृहस्थ होते. थोडा वेळ छताकडे पाहून ते म्हणाले, ‘मग करू दे की. कथेला शेवट तरी येईल. सध्या तो तसा लोंबतोच आहे.’

‘फाशी नको हो,’ आबाजीराव म्हणाले. ‘मुलांचं पुस्तक आहे. तुरुंग चालेल.’

‘किती वर्षं, साहेब?’ नागूनं टाक उचलून विचारलं.

‘तिला काढूनच टाका,’ आबाजीराव म्हणाले. त्यांना एकदम सुचलं होतं, आणि सुचल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसत होता. ‘म्हातारी नकोच. मग काय राहतं?’

‘मग राज्यात सगळे “हो” म्हणत राहतात.’

‘वा! मग छानच की.’

खालची गिरणी चालू झाली आणि आम्ही सगळे थरथरू लागलो. टिल्लू गुरुजी माझ्याकडे झुकले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट एका माळकऱ्यानं दुसऱ्याला समजवावं तशी माया होती. ‘भोईर सर, मुलं ह्यातून भाषा शिकणार. तुम्ही स्वतः बावीस वर्षं वर्गात काय करता? हेच ना? तुमच्या हाताखालून गेलेली पोरं किती स्वच्छ लिहितात, मी पेपर तपासलेत. मग आजच हे काय?’ ह्या प्रश्नासाठी मी उत्तर तयार करून ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, ‘माझी आई असं बोलायची.’ गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. ‘अहो, सगळ्यांच्याच आया तसं बोलतात. म्हणून तर शाळा काढल्या.’

मी लिफाफा हातात घेतला. पानं आत सरळ केली, सुतळी बांधली. हे सगळं मी फार सावकाश केल्याचं मला जाणवत होतं, आणि तेवढ्या वेळात सही करून टाकायला सांगणारे कितीतरी शहाणे आवाज माझ्या डोक्यात बोलून गेले. मुलं पुस्तक वाचतील, राजाला तर हसतील, एक अक्षर इकडे का तिकडे. सगळे आवाज शुद्ध बोलत होते. ‘मला दुरुस्ती मान्य नाही,’ मी म्हणालो. आणि म्हणताक्षणी माझे कान तापले, कारण मी ‘नाही’ म्हणालो होतो. ‘नाय’साठी भांडायला आलेल्या माणसाच्या जिभेवर ‘नाय’ येत नव्हता. तिथं नुसती शाई होती.

आबाजीरावांनी टेबलावर थाप मारली. ‘आसं चालायचं नाय, मास्तर!’ ते ओरडले. आणि नेमकी त्याच क्षणी गिरणी थांबली. ते ‘नाय’ रिकाम्या खोलीत घागर पडावी तसं घुमलं. टिल्लू गुरुजींनी खाली मान घालून धोतराची निरी नीट केली. नागूनं टाक दौतीत बुडवला, निथळला, आणि अत्यंत अदबीनं विचारलं, ‘साहेब, इतिवृत्तात “नाय” लिहू का “नाही”?’

आबाजीरावांचा चेहरा पाहून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या अर्ध्या क्षणात टोपीखालचा तो माणूस बांधावर उभं राहून बैलाला हाक मारणारा कोणीतरी दिसत होता. मला वाटलं, हा आता हसेल, आणि खाली गिरणीवाल्याला हाक मारून आमच्यासाठी चहा मागवील. मग त्यांनी टोपी सारखी केली, एक खड्डा पाहून घेतला, आणि म्हणाले, ‘ते काही लिहू नको. “लेखकाने सहकार्य केले नाही, सबब कथा अस्वीकृत” असं लिही. आणि सर, जे मंडळानं नाकारलं ते बाहेर कुठं छापलंत तर तुमच्या मुख्याध्यापकांना पत्र जाईल. दिवस कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे.’ मी हो म्हणालो. दिवस कसे आहेत ते मला खरंच ठाऊक होतं.

खालापूरहून मी कर्जतची गाडी धरली नाही. चौक गावाला गेलो. तिथं महामार्गाला लागून, टायरवाला आणि ढाबा ह्यांच्या मध्ये, इद्रिसभाईंचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, उरसाची पत्रकं, गॅरेजांची पावतीबुकं. ट्रक गेला की दारातला पडदा आत येतो आणि पुन्हा बाहेर जातो. इद्रिसभाईंनी चष्मा कपाळावर घेऊन पहिलं पान डोळ्यांशी धरलं. ‘मास्तर, सरकारबद्दल काय हाय का ह्यात?’

‘राजाबद्दल आहे.’

‘कंचा राजा?’

‘होकारपूरचा.’

‘ते कुठशी आलं?’

‘हायवेला लागूनच.’

इद्रिसभाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा पानाकडे. ‘येथे थुंकू ये’पाशी आल्यावर त्यांचं पोट हलायला लागलं, तोंडात पान होतं म्हणून आवाज करता येत नव्हता. बाहेर जाऊन पिंक टाकून आले, आणि येताना एवढंच म्हणाले, ‘हुकूम हाय म्हनून थुकलो. बरं मास्तर, चेष्टा ऱ्हावं द्या. खाली छापखान्याचं नाव टाकायलाच लागंल. टाकू?’ मी म्हणालो, ‘माझंही टाका. मोठं.’ मग विचार करून मी म्हणालो, ‘धनंजय नको. धाकलू भोईर टाका.’ तांबड्या रेघांकडे बोट दाखवून मी त्यांना बजावलं की ह्या दुरुस्त्या धरायच्या नाहीत, शाईनं मूळ जे लिहिलंय तेच जुळवायचं. ‘आपला मानूस हुशार हाय, सांगतो त्याला,’ ते म्हणाले. पण त्या दिवशी लग्नसराईच्या पत्रिकांचा ढीग पडला होता, आणि हे सांगायचं राहून गेलं असणार.

बारा दिवसांनी मी प्रूफ बघायला गेलो तेव्हा इद्रिसभाई पनवेलला कागद आणायला गेले होते. आत शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेटीपुढे एक तिशीचा माणूस उभा होता, मिशा राखलेला, कानावर पेन्सिल. मला पाहून त्यानं हात पुसले आणि दोन्ही पायांना हात लावून नमस्कार केला. ‘वळखलं का, सर? चांगो. चांगो ठोंबरे. पाचवीला तुमच्या वर्गात व्हतो, तिसऱ्या बाकावर.’ मी ओळखल्याचं सांगितलं. ओळखलं नव्हतं. त्यानं माझ्यापुढे ओली प्रुफं ठेवली. शाईचा गरम वास येत होता. मी उभ्या उभ्याच वाचू लागलो; राजा ठीक होता, अनरसा ठीक होता, थुंकणं ठीक होतं. राजानं घोडा थांबवला. मी देखणा आहे ना? म्हातारीनं कपाळावर हात धरला, त्याला नीट पाहून घेतलं, आणि म्हणाली, ‘नाही.’

मी पुढचं पान घेतलं. ‘नाही.’ त्याच्या पुढचं. ‘नाही, नाही, नाही.’ सगळी एकेचाळीस. ठळक, काळी, शुद्ध.

‘चांगो, ह्या तांबड्या रेघा धरायच्या नव्हत्या.’

‘तांबडं कोन बघतो, सर? ते मी बघितलं बी नाय.’ चांगो जरा जवळ आला, आणि बाहेर कोणी नाही ना ते पाहून खालच्या आवाजात म्हणाला, ‘तुमच्याच हातून चुका झाल्या व्हत्या. येक दोन नाय, पार चाळीसच्या वर. म्या इद्रिसभायला बोललो नाय. म्हनलं आपल्या सरांचं नाव खराब व्हईल, गुपचूप सुदारू.’ त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला बसायला काहीतरी शोधावं लागलं. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसलो.

‘तुला कसं कळलं ही चूक आहे म्हणून?’

‘आता बघा!’ चांगो हसला. ‘तुमीच नाय का माझ्याकून शंबरदा लिवून घेतलंत? पाटीच्या दोनी बाजू. नाही नाही नाही नाही. दुपारची सुट्टी तिच्यातच गेली. हितं कामाला लागलो तवापास्नं बोट आपसूक ह्या खान्यात जातंय बघा,’ आणि त्यानं पेटीकडे न बघता हात टाकून एक खिळा उचलून दाखवला. ‘ही’ होता. त्याची कड वापरून गुळगुळीत झाली होती.

मी त्याच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि प्रुफावर कामाला लागलो. पहिला ‘नाही’ खोडला, वर ‘नाय’ लिहिलं. दुसरा खोडला. पेन्सिल कागदात रुतवून धरली. चांगो माझ्या खांद्यावरून बघत होता. आधी त्याला वाटलं असावं की मी चुकून करतोय, कारण एकदा तो ‘सर’ म्हणाला आणि थांबला. पंधराव्या-सोळाव्यापाशी त्याचा श्वास बदलल्याचं मला जाणवलं. बाहेरून एक ट्रक गेला, पडदा आत आला, बाहेर गेला. मी एकेचाळिसावा खोडून पेन्सिल खाली ठेवली. चांगोनं शेवटचं पान उचलून जवळ धरलं. माझ्याकडे न बघता, फार हळू, पण गुरूला शंका विचारावी तशा आवाजात नव्हे, बरोबरीच्या माणसाला विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, ‘मंग तवा मी चुकलो व्हतो का, सर?’

मी त्याच्याकडे पाहिलं. ह्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द सत्तावीस वर्षं माझ्याकडे पाठ फिरवून बसला होता. जीभ टाळूला लागून ‘ही’कडे वळायला बघत होती, सवयीनं, चांगोच्या बोटासारखी. मी तिला तिथंच धरली.

‘नाय,’ मी म्हणालो. आवाज ओबडधोबड आला. म्हणून पुन्हा म्हणालो, ‘नाय रं. तू नाय चुकलास.’

चांगो काय बोलला नाय. त्यानं चिमटा घेतला, जुळवलेल्या ओळींवर वाकला, आणि पहिला ‘ही’ उपटून बाजूला टाकला.